उत्तेजक द्रव्ये आणि छातीतील धडधड

पुण्यातील स्वारगेटचा चौक रात्रीही पुरता झोपत नाही. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पंढरपूर या दिशांना जाणाऱ्या एस. टी.च्या गाड्या येथून सुटतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही येथवर येऊन पोहोचली आहे. टिळक रस्त्याने थोडे चालत गेले की सदाशिव पेठेतील अभ्यासिका लागतात. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले-मुली तेथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात आणि सणावाराला याच स्थानकावरून गावाकडची गाडी धरतात. शहर आणि खेडे यांची अशी रोजची ये-जा असल्यामुळे येथे उद्‌भवणारा प्रश्न केवळ पुण्याचा राहत नाही.

असे समजा की, शनिवारी रात्री दीडच्या सुमारास बावीस वर्षांचा एक युवक कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसला आहे. संध्याकाळी मित्राच्या खोलीवर त्याने कोणीतरी दिलेली भुकटी घेतली. पहिला तास मौजेचा गेला. आता छाती धडधडत आहे, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, डाव्या बाजूला काहीतरी टोचते, तळहातांना घाम सुटला आहे. मनगटावर बोटे ठेवून तो पुनःपुन्हा नाडी मोजतो. डॉक्टरांकडे जावे, तर काय घेतले ते सांगावे लागेल. सांगितले तर पोलीस येतील. पोलीस आले तर वडिलांना कळेल आणि सरकारी नोकरीचे दार कायमचे बंद होईल. शेजारच्या बाकावरील गृहस्थ काळजीने विचारतात, तेव्हा “पित्त झालंय, काका,” असे सांगून तो मोकळा होतो आणि गाडीत चढतो. पुढे पाच-सहा तासांचा प्रवास आहे.

हा युवक उदाहरणादाखल घेतला आहे. त्याच्या छातीत जे चालले आहे ते कदाचित काही तासांत आपोआप शमेलही. परंतु शमेल की नाही हे त्याला, शेजारच्या गृहस्थांना किंवा बसच्या वाहकाला सांगता येणार नाही. जो सांगू शकेल अशा माणसापासून तो दर मिनिटाला दूर चालला आहे. त्याला असे का करावेसे वाटले आणि तसे न करता काय करता आले असते, याचा विचार शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी व तरुणांशी संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांनी करावयास हवा.

शरीरात काय घडते?

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा आकुंचन पावते. पायाशी साप दिसला किंवा मागून बैल उधळला, तर शरीर ॲड्रिनलिन व नॉरॲड्रिनलिन ही द्रव्ये सोडते. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. संकट टळले की थोड्याच वेळात सारे पूर्वपदावर येते. उत्तेजक द्रव्ये हीच यंत्रणा बाहेरून सुरू करतात. मात्र ती थांबविणे मग शरीराच्या इच्छेवर राहत नाही. द्रव्याचा अंमल उतरेपर्यंत हृदय पळत राहते. जास्त काम करणाऱ्या हृदयाला जास्त प्राणवायू हवा असतो आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या आकसलेल्या असतात. चढणीला लागलेल्या बैलांपुढची वैरण काढून घ्यावी, तसा हा प्रकार होय. याखेरीज ठोक्यांची लय बिघडणे, अंगाचा ताप वाढणे, आकडी येणे हेही संभवते.

कोकेनच्या बाबतीत हा अभ्यास पुष्कळ झाला आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे ३,९०० रुग्णांच्या माहितीवरून अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे २४ पट होतो. तत्पूर्वी, १९९४ मध्ये तेथीलच आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. कोकेन घेतल्यावर छातीत दुखू लागले म्हणून रुग्णालयात आलेल्या २४६ जणांपैकी शेकडा सुमारे सहा जणांना खरोखरीच हृदयविकाराचा झटका आला होता. शंभरांतील चौऱ्याण्णव जण त्यातून सुटले, हे दिलासा देणारे आहे. परंतु त्या सहा जणांचे दुखणे इतरांच्या दुखण्याहून वेगळे भासत नव्हते, हेही त्याच पाहणीत दिसून आले. तरुण वय, सडसडीत बांधा, पूर्वी कधी तक्रार नसणे यांवरून घरबसल्या निर्वाळा देता येत नाही.

पुण्याच्या परिसरातील द्रव्ये

कोकेन महाग असल्याने त्याचा प्रसार मर्यादित राहिला. पुण्यात अलीकडे अधिक ऐकू येते ते ‘एम. डी.’ म्हणजे मेफेड्रोनचे नाव. हे द्रव्य प्रयोगशाळेत १९२९ मध्येच तयार झाले होते. पण पुढे अनेक दशके ते विस्मृतीत पडले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी नशेच्या बाजारात आले. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या, म्हणजे १९८५ च्या प्रसिद्ध एन. डी. पी. एस. कायद्याच्या, यादीत आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे शहर पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यापर्यंत माग काढला. तेथे, पुण्यात आणि दिल्लीत मिळून १,७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन हाती लागले. या द्रव्याच्या ५० ग्रॅमलाच कायदा व्यापारी प्रमाण मानतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या साठ्याचा आवाका कळतो. कुरकुंभ हे महानगरातील गाव नव्हे. सोलापूर रस्त्यावरचे, शेतीवाडीच्या सान्निध्यातले ते ठिकाण आहे.

मेफेड्रोनचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून घेणारा एकाच रात्री पुन्हा पुन्हा घेतो आणि हृदयाला उसंत मिळत नाही. शिवाय पुडीत नक्की काय व किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. सोबत मद्य असले तर आपल्याला किती चढले आहे याचा अंदाज चुकतो. कोकेनबरोबर मद्य घेतल्यास यकृतात कोकाएथिलीन नावाचे तिसरेच द्रव्य तयार होते आणि तेही हृदयाला घातकच असते.

दुसरे द्रव्य व्यायामशाळांच्या वाटेने आले आहे. मेफेन्टरमाईन हे खरे तर शस्त्रक्रियागृहातील औषध. पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली आला, तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते टोचतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ते विकता येत नाही. तरीही थकवा न जाणवता अधिक वजन उचलता यावे म्हणून काही तरुण ते स्वतःच टोचून घेतात आणि अशा चोरट्या विक्रीवर पुण्यात पोलिसांना व अन्न व औषध प्रशासनाला कारवाया कराव्या लागल्या आहेत. याने स्नायू बळकट होत नाहीत. थकव्याची सूचना तेवढी दबली जाते, रक्तदाब भलताच चढतो आणि हळूहळू औषधावाचून व्यायामच नकोसा होतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत हे द्रव्य स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. तालुका पातळीवरील कुस्तीगीर व कबड्डीपटूंना ही गोष्ट सांगणारे मात्र थोडेच भेटतात.

चहा, कॉफी, तंबाखू यांना कोणी नशा म्हणत नाही. पण हृदयाच्या दृष्टीने हीही उत्तेजकेच होत. निरोगी प्रौढाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा बाधत नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटले आहे. भारतातील नियमांप्रमाणे कॅफिनयुक्त पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन असता कामा नये. अडचण बेरजेची असते. परीक्षेच्या आदल्या रात्री सहा कप कॉफी, त्यावर डब्यातील पेय, व्यायामापूर्वीच्या भुकटीचा एक चमचा आणि तोंडात मावा असे सारे एकत्र आले की, कोणतेही बेकायदा द्रव्य न घेताही छाती धडधडू शकते. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे पानटपरीजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

भीती कोणती, आजार कोणता?

धडधडीत भीतीचाही वाटा मोठा असतो. ठोके वाढले की माणूस घाबरतो. घाबरला की ॲड्रिनलिन आणखी सुटते आणि ठोके आणखी वाढतात. श्वास जलद होतो, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, आता आपण मरणार असे वाटते. अशा भीतीच्या झटक्याचा कडेलोट बहुधा दहा मिनिटांत होतो आणि तो पुढे ओसरू लागतो. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखे वाटणे हे निरोगी माणसांतही आढळते. द्रव्य घेऊन आठवडे लोटले, तपासण्या निर्दोष आल्या, तरी काही तरुण दिवसातून वीस वेळा नाडी मोजतात, मनगटी घड्याळातील आकड्यांवर नजर खिळवून बसतात, जिना चढायला कचरतात. त्यांची चेष्टा करू नये. हे दुखणे खरेच असते. फक्त त्याचे ठिकाण हृदयाऐवजी मनात असते आणि त्यावर समुपदेशनाचा व औषधांचा चांगला उपयोग होतो.

मात्र हा निवाडा तपासणीनंतर करावयाचा आहे. द्रव्य घेतल्यानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी छातीत दाब, आवळल्यासारखे दुखणे, ते दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणे, धाप, भोवळ, घेरी, अंग भाजण्याइतका ताप, असंबद्ध बडबड, आकडी यांपैकी काहीही दिसले, तर ‘थोडे थांबून पाहू’ हा विचार सोडून द्यावा आणि १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. गाडीसोबत डॉक्टर असतात. ती येईपर्यंत रुग्णाला एकटे सोडू नये, धावण्यास लावू नये, मोकळ्या हवेत बसवावे. ताप असेल तर कपडे सैल करून ओल्या फडक्याने अंग पुसावे. तो निपचित पडला व श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोराने दाबत राहावे. लिंबूपाणी, कांदा हुंगविणे, जोराने खोकत राहावयास सांगणे असे उपाय मोबाइलवरील संदेशांतून सर्वत्र फिरत असतात. त्यांत फक्त वेळ जातो.

रुग्णालयात प्रथम हृदयाचा विद्युत् आलेख, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा कार्डिओग्राम, काढतात. नंतर ट्रोपोनिन या प्रथिनाची रक्ततपासणी करतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर हे प्रथिन रक्तात उतरते; पण त्याला काही तास लागतात. म्हणून पहिला अहवाल चांगला आला तरी डॉक्टर रुग्णाला थांबवून घेतात व तपासणी पुन्हा करतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग अडकवून का ठेवता?’ असा वाद नातेवाइकांनी घालू नये.

डॉक्टरांना खरे सांगणे

काय घेतले हे सांगण्याचा आग्रह नीतीच्या उपदेशासाठी नसतो. त्यावर औषध ठरते. उत्तेजक द्रव्यामुळे धडधडणाऱ्या हृदयावर बहुधा पहिला उपाय म्हणून मन व शरीर शांत करणारी औषधे दिली जातात. एरवी ठोके कमी करण्यासाठी ज्या गोळ्या सर्रास देतात, त्यांतील काही गोळ्या कोकेन घेतलेल्या रुग्णात धमन्या आणखी आकसवू शकतात, म्हणून डॉक्टर तेथे सावध असतात. मुलाखतीच्या वेळची धडधड थांबावी म्हणून मित्राकडून अशी गोळी मागून घेणारे विद्यार्थी आहेत; त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तसेच लैंगिक उत्तेजनाची गोळी घेतली असेल, तर छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवावयाच्या नायट्रेटच्या गोळीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. ज्या गोष्टीची सर्वाधिक लाज वाटते, तीच येथे सांगावी लागते. किती वाजता घेतले, किती घेतले, नाकाने की सुईने, सोबत काय होते, एवढे मित्राने सांगितले तरी पुरते. पुडी उरली असेल तर ती फेकण्याच्या घाईत मित्र रुग्णालाच टाकून पळतात, असेही घडते.

कायद्याची भीती कितपत खरी?

ती सर्वस्वी निराधार आहे असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. द्रव्याचे सेवन हा एन. डी. पी. एस. कायद्याच्या २७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. कोकेनसारख्या द्रव्यांसाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, इतरांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. विषबाधेच्या प्रकरणी रुग्णालय पोलिसांना कळवू शकते. पण या चित्राची दुसरी बाजू तरुणांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. अपघात असो वा अन्य कोणतेही पोलीस प्रकरण, कागदपत्रांसाठी तातडीचे उपचार अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्याच कायद्याच्या ६४-अ या कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेण्यास पुढे आली व तिने ते घेतले, तर तिच्यावर त्या गुन्ह्याबद्दल खटला चालविता येत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. विक्रेत्याला मात्र या कलमाचा आधार नाही.

शासकीय प्रचाराचीही येथे थोडी तपासणी व्हावी. कवटी, हाडे आणि तुरुंगाचे गज रंगविलेली भित्तिपत्रके शाळांतून लागतात. ज्याने अजून काही घेतलेले नाही त्याला त्यांचा धाक वाटत असेलही. पण ज्याने काल घेतले आणि आज ज्याची छाती दुखत आहे, त्याला ती गप्प बसण्याचाच सल्ला देतात. अशा भित्तिपत्रकाच्या तळाशी १०८ हा आकडा क्वचितच आढळतो.

पुण्याला या कामाची परंपरा आहे. १९८० नंतरच्या काळात गर्द या मादक द्रव्याने शहरातील घरे पोखरली, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. त्या लेखनातून आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे राहिले, डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याचा पाया घातला. गर्दने माणूस झिंगून पडत असे, आताच्या द्रव्याने तो रात्रभर जागा राहतो. त्यामुळे घरच्यांच्या नजरेला पूर्वीची चिन्हे दिसत नाहीत. मुलगा उत्साही आहे, कमी झोपतो, बारीक होत आहे, व्यायामाला जातो. यात काळजीचे काय, असे आई-वडिलांना वाटते. ‘छातीत कसेतरी होते’ ही पुष्कळदा पहिली तक्रार असते आणि ती शिक्षकांच्या, वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा क्रीडाशिक्षकांच्या कानी आधी पडते. अशा वेळी पहिला प्रश्न ‘कोणी दिले?’ असा न विचारता ‘आता काय होते आहे, केव्हापासून?’ असा विचारावा. पुरवठा करणाऱ्याचा शोध दुसऱ्या दिवशीही घेता येतो.

ग्रामपंचायत कार्यालय, अभ्यासिका, व्यायामशाळा व वसतिगृह यांच्या सूचनाफलकावर तीन क्रमांक लावून ठेवता येतील: तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी १०८, व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आणि मनाच्या अस्वस्थतेसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६. त्याखाली जवळच्या शासकीय रुग्णालयाचे नाव व अंतर लिहावे. स्वारगेटच्या फलाटावरील युवकासाठी ते ससून रुग्णालय आहे. अपघात विभाग रात्री उघडा असतो आणि रिक्षाने तेथवर जायला कोल्हापूरच्या गाडीने कात्रजचा घाट ओलांडण्याहून कमी वेळ लागतो.